ते इंग्रजी नव्हतेच

मोबाइलवर आलेले पत्र वाचता आले नाही, की आपल्याकडची कष्टकरी माणसे पहिला दोष स्वतःला देतात. पत्रच बिघडलेले असेल, अशी शंका त्यांना येत नाही. ‘आपण शिकलो नाही, म्हणून समजत नाही,’ असे म्हणून ती मोबाइल खिशात ठेवतात आणि पत्र तिथेच पडून राहते. रिसोडला बसस्थानकाजवळ माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. तिथे बसून मी हे इतक्या वेळा पाहिले आहे, की कुटुंबाच्या पानासाठी एकदा सविस्तर लिहायचे ठरवले. विषय संगणकाचा, ई-मेलचा आणि मराठी अक्षरांचा आहे. पण माताभगिनींनी ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पान उलटू नये. घरात एक मोबाइल आणि एक शिकणारे लेकरू असेल, तर हा विषय घरातलाच आहे.

आधी थोडे माझ्या हातांविषयी सांगितले पाहिजे. मी १९९१ साली वाशिमला मराठी टायपिंग शिकलो. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होते. पत्र्याच्या खोलीत आठ-दहा मशिनी आणि सकाळी सहाची बॅच. आमचे सर कधी हात उगारत नसत. पण कुणी कळांकडे पाहिले, की त्याच्या मशिनीवर रुमाल टाकत. रुमालाखाली बोटे चालली पाहिजेत, असा नियम. उजव्या हाताखाली दुसरी वेलांटी, र, काना, स आणि य. डाव्या हाताखाली अनुस्वार, मात्रा, क, पहिली वेलांटी आणि ह. तीस शब्दांची परीक्षा झाली, मग चाळीस शब्दांची झाली. पुढे मशीन भंगारात गेली, पण ती मांडणी बोटांतून गेली नाही.

संगणक आला, तेव्हा त्याच्यासोबत मराठी फॉन्टही आले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, पुण्याच्या सी-डॅकचे सुरेख, अशी कितीतरी नावे. ज्या फॉन्टची मांडणी टायपरायटरशी जुळे, तो टायपिस्टांनी उचलला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती, सगळ्यांच्या कागदांवरचे ‘जि. अकोला’ बदलायचे काम निघाले. मी नुकताच हप्त्यावर संगणक घेतला होता. त्या पावसाळ्यात मी रात्री बारा-बारापर्यंत लेटरहेड बदलली आणि त्या कमाईत आमच्या घराचे गळके पत्रे बदलले गेले. असो.

आता मुद्द्यावर येतो. २०१९ सालच्या जुलैची २२ तारीख, सोमवार. सोयाबीनला डवरणी चालू होती. जवळच्या खेड्यातले एक मामा रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आले. मामा दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात. मुलगी अमरावतीला नर्सिंगला आहे. तिच्या शिक्षणाच्या मदतीचा अर्ज त्यांनी एका कार्यालयात दिला होता, हे मला ठाऊक होते, कारण त्याच्या प्रती माझ्याच दुकानात निघाल्या होत्या. पैसे देता देता त्यांनी मोबाइल पुढे केला.

‘भाऊ, हे पाहा बरं जरासं. बारा दिवस झाले येऊन. पोरगी म्हनते जाहिरात असन, पुसून टाका. मले वाटते, हे लय वरच्या पट्टीचं इंग्रजी हाये. आपल्याले कोठून समजन?’

मी पाहिले. इंग्रजी अक्षरांच्या ओळीमागून ओळी, मधूनच अर्धविराम, मधूनच मोठे अक्षर. पहिला शब्द असा होता: ई, जी, के, एस, एन, अर्धविराम. इंग्रजीत असा शब्द नाही. माझ्या डोळ्यांना ती इंग्रजीच दिसत होती, पण बोटे काउंटरवर आपोआप हलली. ई म्हणजे म. जी म्हणजे ह. के आणि एस मिळून काना-मात्रा. एन म्हणजे द. अर्धविराम म्हणजे य. महोदय!

‘मामा,’ मी म्हणालो, ‘हे मराठी आहे.’

‘मस्करी नोका करू, भाऊ.’

मी एकेक ओळ बोटांवर घेत वाचून दाखवू लागलो. एफ, एन, यू, के, ए, डी, म्हणजे ‘दिनांक’. त्यापुढचे आकडे जसेच्या तसे होते, फक्त दोन आकड्यांमधल्या तिरप्या रेघेच्या जागी ई-मेलच्या पत्त्यात असते ते ‘ॲट’चे चिन्ह आले होते. व्ही, टी आणि मोठा झेड, म्हणजे ‘अर्ज’. पत्राचा सारांश असा निघाला: आपल्या पाल्याच्या अर्जात तीन त्रुटी आहेत. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा जोडावा, कॉलेजचे बोनाफाईड प्रमाणपत्र जोडावे, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची स्पष्ट प्रत द्यावी. २६ जुलैपर्यंत पूर्तता न झाल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.

हातात चार दिवस होते. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्यायचा, सेतू केंद्रात अर्ज करायचा, तहसीलच्या सहीचा दाखला मिळवायचा, अमरावतीहून बोनाफाईड मागवायचे. आणि त्यातला प्रत्येक दिवस म्हणजे एक बुडालेली मजुरी. पण मामांनी त्याचा उच्चारही केला नाही. ते मोबाइलकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘म्हंजे हे मले वाचता आलं असतं?’

मामा सातवी शिकलेले आहेत. वर्षावासात विहारात ग्रंथ वाचून दाखवायचे काम त्यांच्याकडे असते. सगळे गाव ज्याच्या तोंडून ऐकते, त्या माणसाला बारा दिवस वाटत होते की आपल्याला वाचता येत नाही. मला त्या पत्राचा राग आला तो यासाठी.

असे कशाने होते, ते समजून घेतले तर पुन्हा कुणी फसणार नाही. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. इंग्रजी छोट्या ई या अक्षराचा क्रमांक १०१. जुन्या मराठी फॉन्टवाल्यांनी युक्ती अशी केली, की १०१ क्रमांकावर ईच्या आकाराऐवजी मचा आकार बसवला. म्हणजे संगणकाच्या पोटात ई आहे आणि अंगावर मचा अंगरखा आहे. तो अंगरखा म्हणजे फॉन्ट. पत्र लिहिणाऱ्याच्या संगणकात फॉन्ट असतो, म्हणून त्याला म दिसतो. तेच पत्र ई-मेलने मामांच्या मोबाइलवर आले. तिथे तो फॉन्ट नाही. अंगरखा गळून पडला आणि आतला ई उघडा झाला. ‘मराठी’ हा शब्द अशा पत्रात ई, जे, के, मोठा बी, एच असा येतो. आपला ‘जय भीम’सुद्धा टी, अर्धविराम, मोठा एच, के, एच, ई असा होऊन येतो. हे कृतिदेवचे झाले. श्रीलिपीचे आकार आणखी वेगळ्या क्रमांकांवर आहेत, त्यामुळे तिथले गबाळ वेगळे दिसते आणि माझी बोटे तिथे चालत नाहीत.

यावर उपाय फार पूर्वीच निघाला आहे. १९९१ साली युनिकोड नावाचे जागतिक मानक प्रसिद्ध झाले. त्यात जगातल्या लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देण्याची सुरुवात झाली. देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखून ठेवला आहे. त्यात मचा क्रमांक २३५०. तो वाशिमला म आहे, जपानमध्येही म आहे. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून देवनागरीची ही सोय आली, तिच्यासोबत आलेला मंगल फॉन्ट अनेकांनी पाहिला असेल. आपल्या मोबाइलवर आपण एकमेकांना जे मराठी निरोप पाठवतो, ते सगळे युनिकोडमध्येच असतात. म्हणून ते कुठेही वाचता येतात.

मग कार्यालयाचे पत्र असे का आले? मी फोन लावला. पलीकडे एक कंत्राटी मुलगा होता, आवाजावरून चांगला वाटला. तो म्हणाला, ‘सर, माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.’ त्याचे खरे होते. त्याच्या पडद्यावर ते बरोबरच दिसणार. या बिघाडाची खोडी हीच आहे, की तो पाठवणाऱ्याला कधीच दिसत नाही. मी त्याला सांगितले, ‘तेच पत्र स्वतःच्या मोबाइलवर पाठवून उघड.’ दोन मिनिटे फोन तसाच चालू राहिला. मग तो म्हणाला, ‘अरे बाप रे.’

हकीकत अशी निघाली. त्यांच्या संगणकात व्हायरस शिरला होता. दुरुस्तीवाल्याने येऊन फॉरमॅट मारला, नवी विंडोज टाकली, ऑफिसचे सॉफ्टवेअर पुन्हा टाकले आणि तो गेला. आधीच्या संगणकात युनिकोड मराठी उमटवणारे साधन होते. ते फॉरमॅटमध्ये पुसले गेले आणि पुन्हा कुणी बसवले नाही. मुलाने पेनड्राइव्हवरून जुना फॉन्ट आणून टाकला, पडद्यावर मराठी उमटली, काम सुरू झाले. पूर्वी अशी पत्रे पीडीएफ करून जोडली जात. पीडीएफमध्ये फॉन्ट पोटात ठेवून पाठवता येतो, म्हणून जुन्या फॉन्टचे पत्रही वाचता येते. या वेळी घाईत मजकूर थेट ई-मेलच्या पोटात चिकटवला गेला.

तिसऱ्या दिवशी मामांचे कागद घेऊन आम्ही दोघे तिथे गेलो. कागद जमा झाल्यावर मुलगा म्हणाला, ‘सर, जरा पाहता का?’ मी खुर्ची ओढली.

पहिले काम म्हणजे विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी घालणे. ते फुकट आहे, दोन मिनिटांचे आहे, आणि फॉरमॅट मारणाऱ्याने ते करूनच उठावे असे माझे मत आहे. मराठीसोबत इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या सुधारणेत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी कळफलकही आला आहे. पण ज्याची बोटे टायपरायटरच्या मांडणीवर बसली आहेत, त्याला नवा कळफलक शिक म्हणणे म्हणजे चाळीस शब्दांच्या माणसाला पुन्हा पाच शब्दांवर आणणे. त्यासाठी टायपरायटरच्याच मांडणीवर युनिकोड उमटवणारी साधने मिळतात, त्यांत ‘रेमिंग्टन’ हे नाव शोधावे. मुलाच्या संगणकात आम्ही तेच बसवले.

दुसरे काम जुन्या मजकुराचे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक असतात. ते वापरावेत, पण डोळे मिटून नव्हे. टायपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारतात आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. रफाराचे उलट आहे. टायपरायटरवर तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. परिवर्तक कच्चा असला, तर ‘दिनांक’ची वेलांटी एकटीच ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. नावांच्या बाबतीत तर प्रत्येक ओळ माणसानेच तपासावी. दाखल्यावरचे नाव आणि पत्रातले नाव यांत एका वेलांटीचा फरक पडला, की हेलपाटे गरिबाला पडतात.

मग आउटलुक उघडले. तिथे आणखी एक गंमत दिसली. मराठी अक्षरे मुंगीएवढी आणि मधले इंग्रजी शब्द मोठे. याचेही कारण आहे. आउटलुकमध्ये पत्र लिहायला वर्डचेच यंत्र वापरले जाते आणि वर्ड दोन फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतो, एक इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी आणि एक देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी. ऑफिस नव्याने टाकले, की दोन्ही आपापल्या मूळ मापावर जातात. माणूस वरच्या पट्टीतून माप वाढवतो आणि दुसरे बदलतच नाही. फॉन्टची पूर्ण खिडकी उघडून दोन्हींची मापे एकदा ठरवून टाकली, की हा त्रास मिटतो. ऑप्शन्समध्ये जाणाऱ्या पत्रांसाठी युनिकोडचे यूटीएफ-८ निवडले, पत्राचा प्रकार साध्या मजकुराऐवजी एचटीएमएल केला, म्हणजे त्रुटींचा तक्ता तक्ताच राहतो, त्याचा चिवडा होत नाही. हे सगळे संगणकावर बसवलेल्या जुन्या धर्तीच्या आउटलुकचे आहे. नव्या आउटलुकची मांडणी वेगळी आहे.

इथेच एक दुकानातला अनुभव सांगतो, कारण आपली बरीच मुले आता कार्यालयांत संगणकावर बसतात. २०२१ साली एका गिऱ्हाइकाचा संगणक माझ्याकडे आला. नवीन ई-मेल उघडला, की ओळींत हातभर अंतर आणि भलताच रंग. त्यांनी ऑफिस काढून दोनदा पुन्हा टाकले होते, पण फरक शून्य. आउटलुक आपल्या पत्राचा साचा ‘नॉर्मल-ईमेल’ नावाच्या फाइलमध्ये ठेवतो आणि ती फाइल ऑफिसच्या फोल्डरात नसून वापरणाऱ्या माणसाच्या फोल्डरात, ‘टेम्प्लेट्स’मध्ये असते. ऑफिस काढले तरी ती मागे राहू शकते आणि नवे ऑफिस तोच बिघडलेला साचा उचलते. मी आउटलुक बंद केले, त्या फाइलचे नाव बदलले, पुन्हा चालू केले; त्याने नवा कोरा साचा तयार केला. पाच मिनिटांचे काम. त्याआधी त्या गृहस्थांना कुणीतरी नवा संगणक घ्यायला सांगितले होते!

घरच्या माणसांना एवढे तांत्रिक लागत नाही. त्यांना बिघडलेले पत्र ओळखता आले, तरी पुरे. शब्दाच्या मध्येच अर्धविराम आणि मोठी अक्षरे असतील, तर ते इंग्रजी नाही. बहुधा जुन्या फॉन्टचे मराठी आहे आणि जाणत्या टायपिस्टला वाचता येईल. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन असतील, तर मजकूर बहुधा शाबूत आहे, तुमच्या यंत्रात फॉन्ट नाही एवढेच. दुसऱ्या मोबाइलवर उघडून पाहा. डोक्यावर तिरपी रेघ असलेला ए आणि एक विचित्र चिन्ह, अशी जोडी ओळभर पुन्हा पुन्हा येत असेल, तर युनिकोडचे मराठी चुकीच्या पद्धतीने उलगडले गेले आहे, तेही परत मिळवता येते. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या असतील, तर त्या प्रतीत अक्षरे उरलेलीच नाहीत. ती कुणालाही वाचता येणार नाहीत. मग वेळ न घालवता पाठवणाऱ्याला फोन करावा आणि पत्र पुन्हा मागावे. आणि यातले काहीही असले, तरी पत्र पुसू नये. पुसले, की पाठवल्याची तारीखही हातून जाते.

एक बारीक गोष्ट राहिली, पण मला ती टोचते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पुष्कळ पत्रांत ‘शेतकर्यांना’ असा येतो. आपल्या मराठीत ऱ्य आणि र्य वेगळे आहेत. आचार्यांना म्हणजे गुरूंना. आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. युनिकोडमध्ये ऱ्य दोन प्रकारांनी लिहिता येतो. एका प्रकारात अक्षरे जोडणारे एक अदृश्य चिन्ह लागते. मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ते चिन्ह गळले, की शेतकऱ्याच्या डोक्यावर रफार बसतो. दुसऱ्या प्रकारात नुक्त्याचा ऱ वापरतात, तो टिकतो. आमच्या जिल्ह्यात दर दुसऱ्या सरकारी पत्रात शेतकरी असतो. निदान त्याचे नाव तरी धड लिहावे.

मुलाने त्या दिवशी पाठवलेल्या पत्रांची यादी काढली. फॉरमॅट मारल्यापासूनची सगळी पत्रे तशीच गेली होती; यादी दोन पाने भरली. साहेब समजूतदार होते. त्यांनी सगळी पत्रे युनिकोडमध्ये पुन्हा पाठवायला आणि प्रत्येकाला फोन करायला सांगितले, तारीखही दहा दिवस पुढे नेली. मामांच्या मुलीचा अर्ज मंजूर झाला आणि ती पुढे नर्सिंग पुरे करून नोकरीलाही लागली.

मामांनी मात्र गावात गेल्यावर हे सगळ्यांना सांगितले. त्या आठवड्यात तिघे जण मोबाइल घेऊन दुकानात आले. दोघांची पत्रे त्याच यादीतली होती. एका बाईंनी तर नवऱ्याला न विचारता पत्र जपून ठेवले होते. तिसऱ्याचे मी बोटांवर घ्यायला गेलो, तर काहीच लागेना. ते खरोखरच इंग्रजी होते, कुठल्याशा विम्याच्या जाहिरातीचे.